नूरुझपर्यंत धामण

६ फेब्रुवारी, रविवार

येफिमिच म्हातारा म्हणाला, वही ठेव. काय खाल्लं, कधी हगली, कात कधी टाकली, पेटी किती गरम होती, सगळं तारीख घालून लिही. मी म्हटलं, शाळेत कधी पान भरलं नाही, आता सापासाठी भरू का? म्हातारा म्हणाला, वही नाही तर साप नाही. म्हणून ही वही.

झालं असं. आज गुरांच्या बाजारात पहाटेपासून अकरा मेंढ्या आणि एक घोडी कापली. त्यानंतर समोरच्या येफिमिचची बकरी कापायची होती. हा रशियन म्हातारा एकटाच राहतो, बायको मेली. तीस वर्षं सापांच्या सरकारी फार्मवर फुरशांचं विष काढायचं काम केलं त्याने. डाव्या हाताचं एक बोट नाही. फुरसं चावलं तेव्हा स्वतःच कुऱ्हाडीने उडवलं म्हणतो. तर त्याच्या बकरीने माझ्या गुडघ्यावर लाथ झाडली. मी तिच्या दोन शिंगांमध्ये बुक्की घातली. ती मटकन खाली बसली, तरी माझा पाय उचललेलाच होता. म्हाताऱ्याने मागून माझी कॉलर धरली.

"खाली बसलेल्याला काय मारतोस रे, कुबात?"

"कापायचीच आहे ना तिला?"

"कापायची आहे. मारायची नाही." मग माझ्या हातांकडे बघत म्हणाला, "चल आत. असं जनावर दाखवतो, की ज्याला मारून काही म्हणजे काही शिकवता येत नाही."

आत काचेच्या पेट्या. त्याने माझ्या मनगटावर एक धामण ठेवली. हातभर लांब, करडी, अंगावर तपकिरी नक्षी, बिनविषारी. तिने सावकाश दोन वेढे घेतले आणि थांबली. माझा हात सुरी टाकल्यावर तासभर तरी थरथरत असतो, तो थांबला. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे, बाहेर बकरी उठून पुन्हा कडबा खायला लागली होती. मला ती धामण हवीच होती. मागितली. इतकी गयावया मी लग्नातही केली नव्हती.

हातांचं काहीतरी करायलाच हवं आहे. डिसेंबरात बायको, बेगिमाय, माहेरी केमिनला निघून गेली होती. मी मारलं होतं, खोटं कशाला लिहू, वही माझीच आहे. तेव्हा माझी आई, अपा, केमिनला गेली. डोक्याचा पांढरा रुमाल सोडून तो अपाने बेगिमायच्या वडिलांसमोर ठेवला आणि सांगितलं, "माझा मुलगा पुन्हा हात उचलणार नाही. उचलला तर न्याय मी करीन, तुम्हाला यावं लागणार नाही." म्हणून बेगिमाय परत आली. दोन महिने झाले. हात उचललेला नाही. एकदोनदा ढकललं असेल, पण ढकलणं म्हणजे हात उचलणं नव्हे.

पेटी घेऊन घरात शिरलो तर अपा दुधाचा वाडगा घेऊन दारातच.

"सर बाजूला. हिच्या डोक्यावर पांढरं ओतते आणि सोडून ये बाहेर."

"अपा, ही आपणहून आलेली नाही, मी आणलीय."

"साप घरात आला म्हणजे आला. पाहुणा म्हणून आला की विघ्न म्हणून, ते आपल्याला कळत नाही. मारायचं नाही, ठेवायचंही नाही. डोक्यावर पांढरं ओतायचं, दार उघडायचं. तुझ्या आजीने केलं, मी केलं."

"बाहेर बर्फ आहे. मरेल ती. मग पाप कुणाला?"

तिने वाडगा खाली ठेवला. शेवटी म्हणाली, "नूरुझपर्यंत. वर्ष बदललं, जमीन उबदार झाली की मी पांढरं ओतणार. तेव्हा मधे पडायचं नाही." मी शब्द दिला. बेगिमाय चुलीपाशी उभी होती.

७ फेब्रुवारी

नियम: आठ दिवस हात लावायचा नाही. काचेवर टकटक करायची नाही. पेटीचं झाकण बंद करून वर वीट ठेवायची, साप डोकं जातं तिथून जातोच. एका बाजूला दिवा, दुसरी बाजू गार.

बाजारातल्यांना कळलं. तेमिर म्हणतो, "कुबातने घरात थोरली बायको आणली म्हणे! धाकटीचं कसं होणार?" नाव चांगलं आहे. थोरली.

१० फेब्रुवारी, गुरुवार

खात नाही. मेलेला उंदीर पेटीत दिवसभर पडून वास मारायला लागला. मी काचेवर जरा टिचकी मारली तर कोपऱ्यात जाऊन गोळा झाली. पुन्हा मारली. डोकं वेटोळ्याखाली घातलं तिने. माझं डोकं फिरलं. एवढं करायचं आणि वर हे नखरे.

येफिमिचला विचारलं. तो म्हणाला, "लपायला काय दिलंस?" काहीच नाही. "मग कशी खाईल? भित्र्या जनावराला घुसायला जागा लागते, अंगाला चारी बाजूंनी टेकेल एवढीच. ती नसेल तर उपाशी मरतं, पण बाहेर येत नाही."

घरी येऊन पाहतो तो बेगिमायने टवका उडालेला वाडगा आधीच पेटीत पालथा घातला होता आणि थोरली त्याखाली गेली होती. मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, "वाटलं."

हल्ली ती चूल आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बसून बटाटे सोलते. अख्खं घर पडलंय, तिथे काय कोंबून घेतलंयस म्हटलं, तर म्हणाली ऊब असते.

१४ फेब्रुवारी

खाल्लं! एक उंदीर, मेलेला. येफिमिच उंदीर शेपटीला धरून टेबलाच्या कडेवर आपटतो, एका फटक्यात संपतो. मला वाटलं होतं सुरीवाला मी, पण म्हाताऱ्याचा हात माझ्यापेक्षा साफ आहे.

दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर ओकते.

१७ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा घरी हातात घेतली. येफिमिच शेजारी उभा होता. "वरून नको! वरून ससाणा येतो. बाजूने, हळू. हात दिसू दे आधी." मी दोनदा वरून घातला, दोन्ही वेळा ती आक्रसली. तिसऱ्यांदा बाजूने. आली. गळ्याशी जाऊन कॉलरमध्ये डोकं घातलं तिने. मला हसू फुटलं.

"निवांत झाली बघ," मी म्हटलं.

"निवांत नाही. घाबरलेला साप हलत नाही. लोकांना वाटतं माणसाळला." म्हाताऱ्याला आनंद म्हणून बघवत नाही.

संध्याकाळी जेवताना फळीवरचा मिठाचा डबा घ्यायला हात वर केला तर बेगिमायने मान खाली घातली. मी म्हटलं, अगं मीठ घेतोय. अपा माझ्याकडे बघत राहिली. नान मोडून हातात तसाच होता तिच्या.

बाकी बेगिमाय आता खरंच शांत झाली आहे. उलट उत्तर नाही, तोंड वाकडं नाही. डिसेंबरचं त्या बाजूने बरंच झालं म्हणायचं.

२० फेब्रुवारी, रविवार

आज फार वाईट झालं.

बाजार उठल्यावर तेमिर आणि आणखी दोघे घरी आले, थोरलीचं जेवण बघायला. मेलेला उंदीर काय दाखवायचा? मी जिवंत टाकला. येफिमिचने बजावलं होतं, जिवंत कधीच टाकायचा नाही. पण बाजारातली माणसं, वोडका पोटात. उंदीर कोपऱ्यात गेला, थोरली वाडग्याखालून येईना. तेमिर म्हणाला, "तुझ्या थोरलीपेक्षा उंदीर मर्द आहे!" मी वाडगा उचलला. उंदीर तिच्या पाठीवर बसला आणि चावायला लागला. ती पळतही नव्हती, नुसती अंग चोरत होती. नक्षीवर रक्त आलं.

मी हात घालून उंदीर काढला आणि भिंतीवर मारला. खाली पडला तेव्हा बुटाने मारला. तोपर्यंत मारला की जमिनीवर काही उरलं नाही. तेमिर हसत होता. त्याच्या तोंडावर ठोसा ठेवला. दात तुटला, माझ्या बोटांची सालटं निघाली. तिघांनी मिळून मला अंगणात ओढलं, बरगडीत दोन लाथा बसल्या. मीही एकाचा कान फाडला. मग अपा बाहेर आली आणि तिने पाण्याची बादली आमच्यावर ओतली, कुत्र्यांवर ओततात तशी. गेले शिव्या देत.

बेगिमायने भिंत पुसली.

२१ फेब्रुवारी

येफिमिच तासभर बोलला. "तुला तमाशा हवा होता. तो झाला, जखम तिला." मलम दिलं. दिवसातून दोनदा लावायचं. मी धरली की वळवळते. बेगिमायने धरली तर पडून राहते. म्हणून बेगिमाय लावते.

कुणाची धामण आहे ही?

२४ फेब्रुवारी

जखम भरते आहे. बेगिमाय मलम लावताना तिच्याशी बोलते, मी आलो की थांबते. काय बोलतेस विचारलं. "काही नाही, असंच." मी दाराआड उभा राहून ऐकलं. ती सांगत होती, "आता थोडंच राहिलं. नूरुझला तू जाशील. गवत येईल तोवर."

आता थोडंच राहिलं म्हणजे? तिला ती जायला हवी आहे. अपा आणि ती, दोघी एक झाल्या आहेत.

२७ फेब्रुवारी, रविवार

चावली.

बाजारातून आलो, हात धुतले नव्हते, मेंढीच्या चरबीचा वास. सरळ पेटीत घातले. तिने अंगठ्याच्या मुळाशी धरलं आणि लगेच सोडलं. दोन थेंब रक्त, सुईने टोचल्यासारखं. मला रोज याहून जास्त लागतं. पण तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला काय कमी केलं? म्हाताऱ्यापुढे गयावया केली, तेमिरशी वैर घेतलं, वही लिहितो आहे! सुरी पट्ट्यातच होती. काढली. तिचं डोकं अंगठ्याएवढं. एक दाब पुरला असता.

नाही मारली. सुरी मी टेबलात रोवली. वहीत मुद्दाम लिहून ठेवतो, की मला राग आवरता येतो.

मग अंगणात गेलो. तिथे घोडा होता, त्याला लगामाने झोडपलं. परत आत येताना दार जोरात ढकललं गेलं, मागे बेगिमाय होती. तिचा ओठ फुटला. दाराने. अपाने विचारलं तेव्हा बेगिमायनेही सांगितलं, दाराने.

"दाराला मी चाळीस वर्षं ओळखते," अपा म्हणाली आणि उठून गेली.

३ मार्च

थोरलीचे डोळे दुधाळ निळे झाले. घाबरून येफिमिचकडे पळालो. तो म्हणाला, कात टाकायची आहे. आठवडाभर तिला नीट दिसणार नाही. दिसत नाही म्हणून जे जवळ येईल त्यावर झडप घालेल. लांब राहा.

"तुला असं वर्षातून कितीदा होतं?" त्याने विचारलं.

"काय?"

"काही नाही. चहा घे."

८ मार्च, महिला दिन

थोरलीने कात टाकली. अखंड, डोळ्यांवरच्या पातळ टोप्यांसकट. सकाळी बेगिमायला सापडली आणि तिने मला हाक मारली, "अहो, इकडे या, बघा तरी!" कितीतरी दिवसांनी तिने आपणहून हाक मारली. आम्ही दोघांनी ती उजेडात धरून पाहिली. नवी थोरली ओल्या दगडासारखी चकाकत होती. बेगिमाय हसली.

मी बाजारातून तिला ट्यूलिप आणि निळा रुमाल आणला, अपाला चॉकलेटचा डबा. अपाने कणकेचे बूरसोक तळले. दुपारभर तिघं खात बसलो, थोरली माझ्या बाहीत. मला वाटलं, असंच राहिलं तर काय हवं. गेल्या वर्षी बेगिमाय पायरीवरून पडली नसती तर आज मूल रांगत असतं. मी तसं म्हणालोही. तिने रुमालाची घडी घातली आणि भांडी घासायला उठली. चांगला दिवस होता. बायकांना कशाने काय होतं, देव जाणे.

कात तिने आपल्या पेटीत, लग्नाच्या कपड्यांत ठेवली.

१३ मार्च, रविवार

बेगिमायचा भाऊ मक्सात आला केमिनहून. तिच्या ओठावरचा व्रण पाहिला. चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "जिजाजी, बाहेर या."

गेलो. त्याने पहिला ठोसा दिला, हे लक्षात घ्यावं. माझी भुवई फुटली, एका डोळ्यात रक्त. मी त्याला कुंपणावर घेतलं आणि नाकावर डोकं मारलं. हाड गेलं. मग तो खाली असताना दोन-चार दिल्या. त्याने माझ्या पोटरीचा चावा घेतला. येफिमिच फावडं घेऊन धावत आला तेव्हा आम्ही सुटलो.

मक्सात नाकाला बर्फ लावून ओरडत होता, "चल बेगिमाय! आत्ता चल!" ती उंबऱ्यात उभी. अपाने तिला विचारलं, "जायचंय का?" बेगिमायने माझ्याकडे बघून नाही म्हटलं. मग म्हणाली, "मी गेले तर तो दादाला मारून टाकेल."

बघा. नवऱ्याला सोडून गेली नाही. आणि मी बायकोवर हात उचलला नाही, तिच्या भावावर उचलला. वचनात भाऊ नव्हता.



१७ मार्च

खाल्लं. एक उंदीर, मेलेला. नूरुझ चार दिवसांवर. अपाला म्हटलं, अजून थंडी आहे, एक महिना राहू दे. "शब्द दिला होतास," एवढंच. मी शब्दाचा पक्का आहे. पण रोज सकाळी उठून आधी पेटी बघतो. ती नसली तर माझे हात कुठे जातील, मला खरंच कळत नाही. म्हाताऱ्याला हे सांगावं असं आलं होतं मनात. लाज वाटली.

२० मार्च, रविवार

थोरली नाही.

बाजारातून आलो तर झाकण सरकलेलं, वीट खाली. बाहेर बर्फाचा चिखल. अपा शेजारी सणाच्या तयारीला गेलेली. घरात एकटी बेगिमाय, कणीक मळत.

"कुठे आहे?"

"कोण?"

"बाहेर सोडलीस ना? अपाने सांगितलं आणि तू सोडलीस!"

"नाही हो. शपथ. मी पेटीकडे गेलेच नाही आज."

मी गाद्या उलट्या केल्या, पिठाचं पोतं ओतलं, कपाट आडवं केलं. ती मागे मागे, "थांबा, मी शोधते, हळू, चिरडेल ती." हे तिने म्हणायला नको होतं. मी थोरलीला चिरडेन?

मी हात उचलला नाही. मी तिचा हात धरला. तिने तो ओढला. मी सोडला नाही. मी खाटीक आहे, हाड मोडल्याचा आवाज मला कळतो. ती ओरडली नाही, खाली बसली. मग काय झालं ते लिहीत नाही. ही सापाची वही आहे.

अपा दारात होती. केव्हापासून, माहीत नाही. तिने येफिमिचला हाक मारली, त्याच्या गाडीत दोघी गेल्या.

थोरली सापडली नाही. बर्फात मेली असणार.

२१ मार्च, सोमवार. नूरुझ

सकाळ झाली तरी घरी कुणी आलं नाही. दवाखान्यात जावं म्हणून चुलीमागच्या खुंटीवरचा मेंढीच्या कातड्याचा कोट अंगात घातला. बाहीत काहीतरी हललं.

थोरली! आत उबेला जाऊन झोपली होती. झाकण तिने स्वतःच सरकवलं असणार, वीट नीट ठेवली नव्हती मीच. मी तिला पेटीत ठेवलं, खाली बसून हसलो, मग रडलो. कुणीच सोडली नव्हती. बेगिमाय खरं बोलत होती. आता जाऊन तिला सांगायचं, तुझी काही चूक नव्हती, असं मी ठरवलं. मोठ्या मनाने सांगायचं.

तेवढ्यात फाटक वाजलं. अपा, मागे बेगिमाय, उजवा हात प्लास्टरमध्ये, चेहरा एका बाजूने काळा. येफिमिच फाटकातच थांबला, हातात फावडं.

"अपा, सापडली! कोटात होती!" मी पेटी दाखवली.

अपाने पाहिलं न पाहिलं. आत गेली, आणि वाडगाभर दूध घेऊन आली. आज नूरुझ, मला आठवलं. म्हटलं, शब्द तो शब्द. मी झाकण काढून पेटी तिच्यापुढे धरली.

"ओत, अपा. मी मधे पडत नाही."

"पेटी खाली ठेव."

ठेवली.

"बस."

मला वाटलं धरायला सांगते आहे. गुडघ्यावर बसलो. तिने माझी टोपी काढली, आणि वाडगा माझ्या डोक्यावर ओतला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. दूध गार होतं. डोळ्यांत गेलं, कॉलरमध्ये गेलं.

"घरात आलास," ती म्हणाली, लहानपणी मला निजवताना बोलायची त्याच आवाजात. "पाहुणा म्हणून आलास की विघ्न म्हणून, मला तीस वर्षं कळलं नाही. आम्ही तुला मारत नाही. तूही आता कुणाला मारू नकोस. वाट मोकळी आहे, बाळा. जा."

आणि तिने दार उघडलं.

मी म्हटलं, अपा, मी तुझा मुलगा आहे. ती म्हणाली, "म्हणून तर पांढरं." माझे हात वर आले होते. आईवर आले होते, हे मला दिसलं. येफिमिच दोन पावलं पुढे आला. बेगिमाय हलली नाही, पण या वेळी तिने मानही खाली घातली नाही.

"आणि ही?" मी पेटीकडे बोट दाखवलं. "साप घरात ठेवायचा नसतो ना?"

"ती राहील. तिने या घरात कुणाला काही केलेलं नाही."

"मला चावली होती!"

"चावली," अपा म्हणाली. "आणि लगेच सोडलं."

२४ मार्च, गुरुवार

बाजाराच्या मागच्या शेडमध्ये राहतो. तीन वेळा डोकं धुतलं, आंबूस वास जात नाही. बाजारात सगळ्यांना कळलंय. तेमिरने काल मला पाहिलं, वाटलं दाताचा बदला घेईल. तो बाजूला झाला, वाट दिली. सगळेच वाट देतात. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आत्ता येफिमिच आला. म्हणाला, थोरलीने खाल्लं. बेगिमायने घातलं, डाव्या हाताने.

"वही दे."

"वही माझी आहे."

"वही सापाची आहे. साप जिथे, वही तिथे. यापुढे ती लिहील."

म्हणजे ती हे सगळं वाचणार. मी म्हटलं, थांब जरा, आजचं लिहून देतो. तो बाहेर उभा आहे. विसाव्या तारखेचं पान फाडायला घेतलं होतं, अर्धं फाटलंय, बेगिमायला दिसेलच. मग सोडलं.

आजची नोंद. एक उंदीर, मेलेला. बेगिमायने घातला, डाव्या हाताने. पेटीची वीट जड घ्यावी. हात बाजूने घालावा, हे तिला सांगायची गरज नाही.

वीस मार्चची राहिलेली नोंद. ती खाली बसली होती. मी तिला लाथा मारल्या. चार मोजल्या, जास्त असतील. सत्तावीस फेब्रुवारीची दुरुस्ती. ओठ दाराने फुटला नाही.

आणि गेल्या वर्षी बेगिमाय पायरीवरून पडली नव्हती.

येफिमिच हाक मारतोय. वही देतो.